टाकीकडे बघून काय कळणार?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागविण्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी मला पुष्कळ विषय सुचविले. ‘पहिला पाऊस’, ‘आजची स्त्री’, ‘वसतिगृहातील दिवस’ हे विषय चांगलेच आहेत. परंतु माझ्या मनात गेली चार वर्षे एक अगदी रुक्ष विषय ठाण मांडून बसला आहे. सार्वजनिक पैशाचे हिशेब जे तपासतात त्या लेखापरीक्षकांना कोण शिकविते, काय शिकविते, आणि त्यांच्यासाठी आपल्या राज्यात एक स्वतंत्र प्रशिक्षण प्रबोधिनी का असू नये, हा तो विषय. हे ऐकून एक मैत्रीण म्हणाली, “हे कोण वाचणार?” तिची शंका रास्त आहे. पण या विषयापायी आमच्या घरातले सहा हजार दोनशे रुपये गेलेले आहेत, तेव्हा त्यावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडे आण्णा म्हणतो, ते ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचे काम करतात. पहाटे विहिरीवर जाऊन मोटर चालू करावयाची, टाकी भरली की एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवावयाचा, आणि दुपारी कार्यालयात शिपायाची कामे करावयाची, असा त्यांचा दिवस. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

मी सातवीत असताना ऐन चैत्रात विहिरीवरची मोटर जळाली. गावात प्यायला पाणी नाही, सरपंच परगावी, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार. आण्णांनी शेजाऱ्याच्या टेंपोत मोटर घातली, तालुक्याच्या गावी नेली, उधार-उसनवार करून मिस्त्रीला रोख पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर भरून परत आणली. त्या रात्री उशिरापर्यंत बायाबापड्या हंडे घेऊन नळावर होत्या. मिस्त्रीने वहीचे पान फाडून त्यावर पेन्सिलीने आकडा लिहून दिला. पुढे पंचायतीने आण्णांना सहा हजार दोनशे रुपये परत दिले. तो प्रश्न तेथे संपला असे आम्हाला वाटले.

तो संपला नव्हता. मी दहावीत असताना गावात “आडिट आलंय” अशी बातमी आली. म्हणजे लेखापरीक्षक गावात आले नव्हते. ते तालुक्याला पंचायत समितीच्या कचेरीत बसले होते, आणि गावोगावची दप्तरे पिशव्यांत भरून त्यांच्यापुढे जात होती. आमच्या गावची पिशवी मोटरसायकलवरून नेण्याचे काम अर्थातच आण्णांकडे आले. तीन दिवस ते कचेरीच्या व्हरांड्यात बसून होते. आत बोलावले की पावत्यांचा गठ्ठा द्यावयाचा, पाणी आणून द्यावयाचे, पुन्हा बाहेर बसावयाचे.

काही महिन्यांनी अहवाल आला. भाऊसाहेबांनी त्यातील एका पानाची झेरॉक्स आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी ती घरी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “बघ गं, यात माझं काय लिवलंय.” ते पान मी तीनदा वाचले. मराठी माझी मातृभाषा, मराठीत मला शाळेत पहिला नंबर. पण ‘सबब सदरची रक्कम संबंधितांकडून वसूलपात्र ठरविण्यात येत असून भरणा केल्याचे चलन पुढील लेखापरीक्षणास दर्शवावे’ या वाक्याचा अर्थ बापाला सांगताना मला घाम फुटला. दरपत्रके मागविली नव्हती, पक्की पावती नव्हती. म्हणून सहा हजार दोनशे रुपये परत भरावयाचे होते. ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे अहवालात लिहिलेले नव्हते. ते गावाने ठरविले. चार महिने आण्णांच्या पगारातून दीड हजार पन्नास रुपये कापले गेले, आणि माझ्या अकरावीच्या पुस्तकांसाठी आईने आपली शेळी विकली.

नियमाने पाहिले तर लेखापरीक्षकांची चूक नव्हती, हे मी आज मान्य करते. पावतीवाचून खर्च मंजूर होऊ लागला तर उद्या कोणीही मोटर जळाल्याचे सांगेल. मला सलते ते निराळेच. त्याच वर्षांच्या हिशेबात आमच्या गावच्या नव्या पाण्याच्या टाकीचा खर्च होता. ती टाकी बांधून झाल्याच्या दिवसापासून गळते. आण्णांनी तिची परीक्षा कधीच घेतली होती. संध्याकाळी टाकी भरून, सगळे व्हॉल्व्ह बंद करून, आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी त्यांनी कोळशाने रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेच्या खाली वीतभर उतरलेले होते. पण टाकीचे अंदाजपत्रक होते, दरपत्रके होती, मोजमाप वहीत मापे होती, फोटो होता, काम पूर्ण झाल्याचा दाखला होता, त्यावर सह्या होत्या. टाकीविषयी अहवालात एक ओळही आली नाही. कागद नसलेली पण चालणारी मोटर दोषी ठरली, आणि सर्व कागद असलेली पण गळणारी टाकी निर्दोष सुटली.

व्हरांड्यात बसलेल्या तीन दिवसांत आण्णांनी एकदा धीर करून साहेबांना म्हटले होते, “साहेब, टाकी बघायला चला की. गाडीवरनं अर्ध्या तासात नेतो अन् आणून सोडतो.” साहेब माणूस सज्जन होता. त्याने आण्णांच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. तो म्हणाला, “मामा, या आठवड्यात मला आठ गावं उरकायची आहेत. आणि टाकीकडे बघून मला काय कळणार? मी हिशेबाचा माणूस. आम्हाला कुणी शिकवलंय का ते?”

हे वाक्य आण्णांनी घरी येऊन सहज सांगितले. आण्णा ते विसरले असतील. मी विसरले नाही.

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हा भाग आला. संविधानातील १४८ ते १५१ ही कलमे सरांनी फळ्यावर लिहिली, आणि सांगितले की ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे म्हटले होते. संसदेने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला की नाही हे पाहणारा तो माणूस, म्हणून त्याला निदान न्यायसंस्थेइतके स्वातंत्र्य हवे, असे त्यांचे मत होते. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेल्या अर्थशास्त्रज्ञाचे हे मत होते. वर्गातील मुले वहीत उतरवून घेत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आण्णांचा डबा उघडून बसलेले ते साहेब आले. संविधानातला तो सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आणि तालुक्याच्या कचेरीतला हा दमलेला माणूस एकाच कामाच्या दोन टोकांना उभे आहेत. वरच्या टोकाला शिकविण्याची सोय आपण केव्हाच केली. खालच्या टोकाचे काय?

वरच्या टोकाची हकीकत मी ग्रंथालयात बसून शोधून काढली, ती थोडक्यात सांगते. भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्यांसाठी सिमल्यास १९५० सालापासून प्रशिक्षण संस्था आहे. तीच आजची राष्ट्रीय लेखापरीक्षा व लेखा अकादमी. देवदारांच्या छायेत हे तरुण अधिकारी कायदा, हिशेब, अर्थशास्त्र शिकतात. संगणकावरील हिशेब कसे तपासावेत यासाठी नोएडा येथे २००२ मध्ये केंद्र निघाले. पर्यावरणाच्या लेखापरीक्षेसाठी जयपूर येथे केंद्र आहे. महालेखापालांच्या कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांसाठी मुंबई आणि नागपूर येथेही प्रशिक्षण संस्था आहेत. आणि १८ जुलै २०२४ रोजी गुजरातेत राजकोट येथे एका नव्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे उद्घाटन झाले. ते केंद्र खास स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, म्हणजे पंचायती व नगरपालिकांच्या, लेखापरीक्षेसाठी आहे. ही वार्ता वाचून मला अतिशय आनंद झाला. गावाचा हिशेब तपासणे ही स्वतंत्र विद्या आहे, ती शिकावी आणि शिकवावी लागते, हे कोणी तरी मोठ्या पातळीवर मान्य केले.

परंतु महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांचे हिशेब तपासण्याचे नित्याचे काम राज्य शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडे आहे. त्यामागचा मूळ कायदा १९३० सालचा, मुंबई इलाख्याच्या वेळचा. त्या काळी गावचा हिशेब कोंडवाड्याची फी आणि दिवाबत्तीचा खर्च यांच्यापुढे फारसा जात नसावा. पुढे १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन एकोणतीस विषय पंचायतींच्या कक्षेत ठेवले गेले. मग पैशाचा ओघ वाढला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक निधीची शिफारस केली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दोन लाख छत्तीस हजार आठशे पाच कोटी रुपये सुचविले. हा आकडा लिहिताना माझा हात अडखळतो, कारण आमच्या घरात मोठ्यात मोठा आकडा बोलला जातो तो सोसायटीच्या कर्जाचा. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. हा पैसा त्यांच्या दारी येतो तेव्हा तो कसा खर्ची पडला हे पाहणारा माणूस टाकीकडे बघून ‘मला काय कळणार’ असे म्हणत असेल, तर तो दोष त्या एका माणसाचा नाही. ज्यांनी त्याच्या हाती लाल पेन्सिल दिली पण डोळे उघडण्याचे शिक्षण दिले नाही, त्यांचा आहे.

कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर आले आहे. ते खरे आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२० मध्ये ‘ऑडिट ऑनलाइन’ नावाची प्रणाली सुरू केली, आणि पंधराव्या वित्त आयोगाने तपासलेले हिशेब लोकांना ऑनलाइन पाहता यावेत अशी अट घातली. चांगलेच झाले. आण्णांच्या मोटरसायकलवरची पिशवी वाचली. पण माझे म्हणणे असे, की संगणकाने ही प्रबोधिनी अनावश्यक होत नाही, उलट अधिक निकडीची होते. पूर्वी निदान दप्तर तालुक्यापर्यंत जाई आणि त्याच्याबरोबर गावचा एक माणूस जाई, जो म्हणू शके, “साहेब, टाकी बघायला चला.” आता दप्तराचे फोटो जातात. फोटोतल्या मोजमाप वहीला ओल येत नाही.

मग या प्रबोधिनीत शिकवावयाचे काय? याविषयी माझ्या अल्पमतीला जे सुचते ते मांडते.

पहिली गोष्ट, कागद आणि वस्तू यांची भेट घालून देणे. टाकीची परीक्षा कशी घ्यावी हे चौथी शिकलेल्या माणसाला कळते, तर पदवीधर लेखापरीक्षकाला ते एका दिवसात शिकविता येईल. रस्त्याची जाडी कडेला खड्डा घेऊन टेपने मोजता येते. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला ढोबळमानाने पावणेचार युनिट वीज घेते. ती रोज सहा तास चालल्याची नोंद असेल तर महिन्याला पावणेसातशे युनिटांच्या आसपास बिल यावयास हवे. ते दोनशे युनिटांचे असेल तर मोटर चालत नाही, आणि दीड हजारांचे असेल तर मीटरवर आणखी कोणी तरी आहे. जंतुनाशक पावडरीची किती पोती विकत घेतली आणि टाकीत किती पाणी चढले यांचा मेळ घालता येतो. यात इंजिनियरची विद्या लागत नाही. दोन वेगवेगळ्या वह्या एकमेकींशेजारी उघडून ठेवण्याची सवय लागते. आमच्या ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे एक ते तेहेतीस नमुने आहेत. प्रत्येक नमुना वेगळा तपासून सर्व ठीक निघेल. एकापुढे एक ठेवले की बोलू लागतील.

दुसरी गोष्ट, चूक आणि चोरी यांतील फरक. अडचणीच्या वेळी गावासाठी धावलेला मनुष्य आणि बिनचूक कागद रंगवून पैसा खाणारा मनुष्य यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. चाणक्याने अर्थशास्त्रात राजाचा पैसा खाण्याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. त्याच्या काळापासून एक गोष्ट बदललेली नाही: मुरलेल्या चोराचे कागद नेहमी चोख असतात. पावती नसणे हा दोष आहे, त्याची नोंद व्हावी. पण मिस्त्री कोण होता, मोटर खरेच जळाली होती का, त्या दिवशी गावाला पाणी नव्हते का, एवढे तीन प्रश्न विचारून मग काय ते ठरवावे. ते विचारावयास शिकविले पाहिजे, आणि ते विचारण्याची मुभा नियमांनीही दिली पाहिजे.

तिसरी गोष्ट, ऐकणे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरविली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ज्यांची नावे त्यांत होती तेच लोक खरे-खोटे सांगू लागले. पुढे रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात सतराव्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचे काम दिले, आणि २०१७ मध्ये मेघालयाने त्यासाठी वेगळा कायदाच केला. तात्पर्य, ऐकण्याची रीत आपल्या देशात सिद्ध झालेली आहे. पण जनसुनवाईतले लोक आणि हिशेबनीस लेखापरीक्षक हे दोघे दोन वाटांनी जातात. लोकांना टाकी गळते हे ठाऊक असते, पण कोणत्या प्रमाणकावर बोट ठेवावे हे ठाऊक नसते. लेखापरीक्षकाला प्रमाणक ठाऊक असते, टाकी ठाऊक नसते. दोघांना एका ओट्यावर बसविणे हे प्रबोधिनीचे काम. तेथे शिकविणाऱ्यांत निवृत्त महालेखापाल जरूर असावेत. पण महिन्यातून एक दिवस एखादा पाणी सोडणारा, एखादी अंगणवाडी सेविका, एखादा मुकादम यांनाही मानधन देऊन खुर्चीवर बसवावे आणि साहेबांनी समोर बसून टिपणे घ्यावीत.

चौथी गोष्ट, भाषा. ज्या अहवालाने माणसाचा पगार कापला जातो तो अहवाल त्या माणसाला वाचता आला पाहिजे. ‘सबब’, ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ यांच्या आड अहवाल लपतो आणि ‘संबंधित’ या एका शब्दामुळे साहेबांवरचा बोजा शिपायावर उतरतो. जबाबदार कोण हे नाव-हुद्द्यानिशी साध्या मराठीत लिहावयास शिकविणे हा प्रबोधिनीतील एक स्वतंत्र विषय असावा. हिशेबाची भाषा आपल्याला परकी नाही. शिवकाळात मुजुमदार होते, पेशवाईत फडणीस होते, पुण्यात एलबेरीज दफ्तर होते. ही पदे आज आडनावे होऊन आपल्या हजेरीपटावर बसलेली आहेत. मग आमच्या हिशेबाची मराठी अशी का झाली की मराठी माणसाला ती दुसऱ्याकडून समजावून घ्यावी लागते?

या सूचनेवर आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप, ‘पुन्हा एक इमारत, पुन्हा एक संचालक, पुन्हा लाल दिव्याची हौस.’ हा आक्षेप मला पटतो. म्हणून ही प्रबोधिनी थंड हवेच्या ठिकाणी नसावी, आणि पहिली काही वर्षे तिला इमारतही नसावी. पुण्यात यशदासारखी मोठी संस्था आहे. आरंभीची अभ्यासपत्रिका तिच्या आश्रयाने तयार व्हावी. शिकवणे मात्र एखाद्या तालुक्याच्या गावी, सुट्टीत रिकाम्या असलेल्या वसतिगृहात, आसपासची दहा गावे हीच प्रयोगशाळा समजून व्हावे. तीन महिने राहावयाचे, आठवड्यातील तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस गावात. शेवटची परीक्षा एकच: एका गावाचा अहवाल लिहून तो त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावयाचा.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ‘ज्याला पाहावयाचेच नाही त्याला शिकवून काय उपयोग? वरून दबाव येतो, बदली होते, आठ गावे आठवड्यात उरकावी लागतात. प्रबोधिनीने हे थांबणार आहे का?’ नाही थांबणार. प्रबोधिनी म्हणजे जादूची कांडी नव्हे हे मला कळते. माणसे वाढविली पाहिजेत, गावागणिक दिवस वाढवून दिले पाहिजेत, आणि ज्यांचा हिशेब तपासावयाचा त्यांच्या मर्जीवर तपासणाऱ्याची बदली अवलंबून राहता कामा नये. बाबासाहेबांनी मागितलेले स्वातंत्र्य वरच्या एका खुर्चीपुरते नव्हते असे मी मानते. पण एवढे खरे, की ‘मला कळत नाही’ ही सबब आज प्रामाणिक माणसाला खरोखरीची अडचण आहे आणि अप्रामाणिक माणसाला सोयीची ढाल आहे. शिकविले की पहिल्याची अडचण दूर होईल आणि दुसऱ्याची ढाल जाईल. मग जो पाहणार नाही, तो पाहावयाचे नव्हते म्हणून पाहत नाही, हे सर्वांना दिसेल. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येते, लेखापरीक्षेच्या अहवालांतील परिच्छेदांवर अधिकाऱ्यांची साक्ष काढते, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. पण अहवालात जे आलेच नाही त्याविषयी समिती तरी काय विचारणार? साऱ्या साखळीची पहिली कडी तो तालुक्यातला माणूस आहे.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी थोडेसे. कला शाखेच्या मुलांना ‘पुढे काय करणार?’ असे विचारले की आपण बी.एड., पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा एवढीच नावे घेतो. हिशेब म्हणजे वाणिज्य शाखेचा प्रांत असे आपण धरून चालतो. पण मी वर जे चार विषय सांगितले त्यांत बेरीज-वजाबाकी किती आहे? पुरावा पारखणे हे इतिहासाचे शिक्षण आहे. माणसाकडून खरे काढून घेणे हे समाजशास्त्राचे आहे. पैसा कोणाच्या वाट्याला गेला हे पाहणे अर्थशास्त्राचे, आणि स्वच्छ लिहिणे हे मराठीच्या वर्गाचे. अशी प्रबोधिनी उद्या निघाली तर तिच्या दारात वाणिज्य शाखेच्या बरोबरीने आपणही उभे राहावयास हवे. आणि निघेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावचे रस्ते झाडतो आणि बांध घालतो. त्या सात दिवसांतील एक दिवस त्या गावच्या ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षा अहवाल मागून घ्यावा, तो साध्या मराठीत लिहून काढावा आणि चावडीवर वाचून दाखवावा, अशी सूचना मी आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांपुढे या लेखाच्या निमित्ताने ठेवीत आहे.

हा लेख लिहून झाल्यावर सुट्टीत घरी गेले असताना तो मी आण्णांना वाचून दाखविला. सहा हजार दोनशे रुपयांचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, “ते कशाला लिवलंस? झालं गेलं.” टाकीचा भाग आला तेव्हा मात्र ते उठून बसले. म्हणाले, “ती शाळा निघाली तर त्या साहेबांना माझं एवढं सांग: रेघ संध्याकाळी ओढायची, अन् सकाळी व्हॉल्व्ह उघडायच्या आधी बघायची. उशीर केला तर काय कळत नाही.”

टाकी अजून गळते. तिच्या आतल्या भिंतीवर आण्णांच्या कोळशाच्या रेघा एकाखाली एक आहेत. त्या वाचता येणारा लेखापरीक्षक आमच्या गावी यावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.